खिळीच्या भोकातला हात

अध्यात्म रामायणाच्या अयोध्याकांडात, दुसऱ्या सर्गात, मंथरा कैकेयीला तिचीच एक जुनी गोष्ट सांगते. देव आणि असुर यांचं युद्ध पेटलं होतं. इंद्राने साहाय्य मागितलं म्हणून दशरथ सैन्यासह गेला आणि कैकेयीही त्याच्याबरोबर गेली. लढाई ऐन भरात असताना रथाच्या आसाची खीळ तुटून गळून पडली. राजाला ते कळलं नाही. कैकेयीने मोठ्या धैर्याने खिळीच्या भोकात स्वतःचा हात घातला आणि नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून तशीच उभी राहिली. सारे असुर मारून झाल्यावर राजाची नजर तिच्याकडे गेली. तो थक्क झाला, आनंदाने त्याने तिला मिठीत घेतलं आणि हवं ते माग म्हणाला. मोजक्या श्लोकांत हे सगळं येऊन जातं.

ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. पण ती बहुधा पुढच्या गोष्टीची प्रस्तावना म्हणून सांगितली जाते. दोन वर, रामाचा वनवास, भरताचं राज्य, दशरथाचा मृत्यू या सगळ्याकडे जायची घाई असते आणि रथ, आस, खीळ मागे पडतात. मला हा प्रसंग त्याच्यासाठीच वाचावासा वाटतो, तोही चाकाशी ज्यांचं रोजचं काम आहे त्यांच्या नजरेने. त्यासाठी नागपूरसारखी जागा नाही. एका बाजूला रामटेकचा गड आहे. त्याच्यामुळे रामकथा इथल्या माणसाला भूगोलासारखी ओळखीची असते. दुसऱ्या बाजूला हिंगण्याची एमआयडीसी आहे, तिथे महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात. आणि शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपमध्ये मुलं खडकांवरून, चिखलातून धावणारी एका माणसाची गाडी स्वतः वेल्डिंग करून उभी करतात. त्या गाडीच्या मागच्या एक्सलचा नट आणि दशरथाच्या रथाची खीळ यांचं काम एकच आहे. चाक जागेवर ठेवायचं.

आधी वाल्मीकींकडे जाऊ, म्हणजे अध्यात्म रामायणाच्या कर्त्याने काय केलं ते नीट दिसेल. वाल्मीकिरामायणातही देवासुर युद्ध आहे. दक्षिणेकडे, दंडकाच्या दिशेला, वैजयंत नावाचं नगर आहे. तिथे तिमिध्वज राज्य करतो, त्यालाच शंबर म्हणतात. विदर्भातली रानं परंपरेने दंडकारण्यात मोजली जातात, तेव्हा ही लढाई आपल्याच अंगणापासून फार दूरची नाही. त्या लढाईत दशरथ शस्त्रांनी घायाळ होऊन बेशुद्ध पडतो, कैकेयी त्याला रणातून बाहेर काढते, त्याला जपते, आणि त्याबद्दल तिला दोन वर मिळतात. तिथे खीळ नाही, भोक नाही, हात नाही. कैकेयीचा पराक्रम उघड्यावरचा आहे. राजा पडला, राणीने रथ वळवला. तो कोणालाही दिसू शकेल असा पराक्रम आहे.

अध्यात्म रामायण बरंच नंतरचं. परंपरा त्याला ब्रह्मांडपुराणाचा भाग मानते, शिव पार्वतीला ते सांगतो. त्याचा भर रामाच्या परब्रह्म स्वरूपावर आहे आणि वेदान्त त्याच्या पानोपानी आहे. अशा ग्रंथाने हा प्रसंग उचलला तेव्हा त्याला देव, माया, भक्ती यांपैकी काहीही जोडलं नाही. त्याने जोडला एक यांत्रिक बिघाड. मला हे फार विलक्षण वाटतं. ज्या ग्रंथाला जगाचं मिथ्यात्व सांगायचं आहे, त्याला रथाचं चाक कशावर टिकतं हे अचूक माहीत आहे.

किती अचूक, ते पाहू. लोकांच्या तोंडी ही गोष्ट बदलत गेली. कुणी सांगतं, रथाचा आसच मोडला आणि कैकेयीने आसाच्या जागी हात लावला. कुणी सांगतं, तिने बोट घातलं. काही कथांत तिच्या हाताला आधीच कुठून तरी वज्राचं बळ मिळालेलं असतं, म्हणजे मग आश्चर्य वाटायचं कारणच उरत नाही. अध्यात्म रामायणातला तपशील मात्र साधा आणि कसाला उतरणारा आहे. मोडली ती खीळ, आस नव्हे.

रथाचा किंवा आपल्याकडच्या बैलबंडीचा आस आडवा आणि स्थिर असतो, चाक त्याच्यावर सैल फिरतं. गाडीचं सगळं वजन आसावर असतं, तिथून ते चाकावर उतरतं. खिळीवर त्या वजनातलं काही येत नाही. आसाच्या टोकाला, चाकाच्या बाहेर, भोक पाडून ती आडवी घातलेली असते आणि तिचं काम एवढंच, की चाक बाहेरच्या बाजूला सरकून निसटू नये. सरळ वाटेवर तिला फारसा ताणही नसतो. ताण येतो तो वळणावर, उतरत्या कडेवर, एक चाक खड्ड्यात गेल्यावर. तेव्हा चाकाचा तुंबा, म्हणजे मधला भाग, बाहेर रेटतो आणि ती खीळ त्याला अडवते.

म्हणून आसाच्या जागी हात हे शक्य कोटीतलं नाही. रथाचं, घोड्यांच्या ओढीचं, योद्ध्याचं वजन कोणाचाही हात पेलणार नाही. पण खिळीच्या जागी हात घातला तर? फिरता तुंबा हाताला घासेल, प्रत्येक वळणाला बाहेर रेटेल, कातडं सोलेल, हाडावर येईल. पण काही काळ, कोणी दात आवळून धरलंच, तर चाक आत राहील. म्हणजे हा पराक्रम माणसाच्या आवाक्याच्या अगदी टोकाशी आहे आणि तरी आवाक्यात आहे. कथेने चमत्कार केला नाही. देहाला जेवढं सोसवेल तेवढंच तिच्याकडे मागितलं, आणि ते सगळं मागितलं. ज्याने हा श्लोक लिहिला त्याने गाडीचं चाक काढताना-घालताना नक्की पाहिलं असणार.

आता घटनांचा क्रम बघा. खीळ तुटून पडली, हे आधी येतं. लगेच, त्याच श्वासात, राजाला ते कळलं नाही, हे येतं. त्यानंतर हात. माझ्या मते या प्रसंगाचं काळीज त्या मधल्या चार शब्दांत आहे. राजाला कळलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. त्याने रथ थांबवला असता, दुसरी खीळ मागवली असती, किंवा माघार घेतली असती. त्याला कळलं नाही म्हणून तो लढू शकला. त्याच्या न कळण्याला कैकेयीचा हात आधार देत होता. तो जितका वेळ निर्धास्त, तितका वेळ ती वेदनेत. आणि ती त्याला सांगतही नाही. संवाद नाही, हाक नाही, किंकाळी नाही. कवीने तिला एकच क्रिया दिली आहे, उभं राहण्याची.

संस्कृत काव्यशास्त्राच्या भाषेत म्हणायचं तर इथे वीररसाचा आश्रय सरकतो. उत्साह हा वीराचा स्थायीभाव. सुरुवातीला तो धनुष्य हाती घेतलेल्या दशरथाच्या ठिकाणी आहे, युद्धवर्णनाची अपेक्षा तीच असते. पण खीळ पडते त्या क्षणापासून खरा वीर चाकाशी उभा आहे आणि धनुर्धर हा केवळ त्या वीराच्या जिवावर चाललेला माणूस आहे. वाचणाऱ्याला हे ठाऊक आहे, राजाला नाही. शेवटी राजा पाहतो आणि त्याला परम आश्चर्य वाटतं. म्हणजे राजाच्या वाट्याला अद्भुतरस येतो, वीररस राणीकडे राहतो. इतक्या थोड्या शब्दांत रसांची अशी अदलाबदल फार थोड्या ठिकाणी सापडते.

आणि ही गोष्ट सांगतं कोण? मंथरा. ऐकतं कोण? स्वतः कैकेयी. सगळं कथन ‘तू’ला उद्देशून आहे. तू हात घातलास, तू उभी राहिलीस. मंथरा म्हणते, हे तूच मला पूर्वी सांगितलं होतंस, आता आठवलं. म्हणजे जिने केलं तिने ते मनाच्या कोपऱ्यात टाकून दिलं होतं. वरसुद्धा तिने तेव्हा मागितले नाहीत, राजाकडेच ठेव म्हणून राहू दिले. ज्या हाताने एकदा चाक जागेवर ठेवलं, त्याच हाताची आठवण करून देऊन मंथरा आता घर मोडायला निघाली आहे. सर्वांत निःस्वार्थ कृतीचं रूपांतर व्यवहारात होतं, ते इथे. या प्रसंगाची करुणा मला रामाच्या वनवासाआधीच, इथेच जाणवते.

हे वाचून मी वर्कशॉपमध्ये जातो तेव्हा त्या मुलांच्या गाडीकडे वेगळ्या नजरेने बघतो. ती गाडी ‘बाहा’ या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी असते. ही स्पर्धा 1976 मध्ये अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली आणि भारतात 2007 पासून एसएई इंडिया ही अभियंत्यांची संस्था ती भरवते. इंदूरजवळच्या पीथमपूरचं मैदान तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. नियम असा, की छोटं, ठरवून दिलेलं इंजिन घ्यायचं आणि बाकीची गाडी आपली आपण बनवायची. शेवटची कसोटी चार तासांच्या सलग शर्यतीची. दगड, उड्या, चिखल, धूळ. नागपूरची मुलं वर्षभर झटतात ती या चार तासांसाठी.

त्यांच्या गाडीचं मागचं चाक हबवर असतं. हब एक्सलच्या टोकाला, दातेदार खाचांवर बसतं आणि सगळ्यात बाहेर एक मोठा नट त्याला आवळून धरतो. बंडीच्या खिळीहून या नटचं काम अवघड आहे, कारण इथे एक्सल स्वतः फिरतो, इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा झटका दोन्ही त्याच जोडातून जातात. नट जरा सैल झाला की हब खाचांवर डुलायला लागतं. डुललं की खाचा घासतात, घासल्या की आणखी डुलतं, बेअरिंगवरचा दाब जातो आणि शेवटी आटे गेले की चाक गाडीच्या पुढे पळतं. ज्या क्वाड, म्हणजे मोटारसायकलसारखं बसून चालवायच्या चारचाकी गाड्यांचा मागचा एक्सल अखंड दांडा असतो, त्यांच्यात एकाला एक भिडवलेले दोन मोठे नट असतात. आतला एका पान्याने घट्ट धरायचा आणि बाहेरचा त्याच्यावर आवळायचा, म्हणजे दोघे एकमेकांना फिरू देत नाहीत. अशा गाड्या चालवणाऱ्यांना हे नट ठरावीक काळाने तपासावेच लागतात.

नट सैल का होतो? कोणाला वाटेल, हळूहळू थरथरून फिरत असेल. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगाने दाखवलं, की खरा घात आडव्या हालचालीने होतो. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, ताणलेल्या तारेसारखा. तो ताण जोड घट्ट धरतो आणि आट्यांमधल्या घर्षणामुळे नट फिरत नाही. पण जोडाला बाजूने झटके बसायला लागले की क्षणभर आटे एकमेकांवर सरकतात, तेवढ्यात घर्षणाची पकड सुटते आणि नट आपला आपण उलटा फिरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. त्यातून पान्याने लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच बोल्टच्या ताणात जातो, बाकी सगळा घर्षणात खर्च होतो. म्हणून आटे कोरडे आहेत की तेलकट, यावर ताण कमी-जास्त होतो आणि हाताला ‘घट्ट लागलं’ याचा भरवसा धरता येत नाही. टॉर्क रेंच लागतोच.

म्हणजे राजाला ते कळलं नाही, ही ओळ इथेही खरी आहे. चालवणाऱ्याला सैल होणारा नट कळत नाही. वर्कशॉपची सारी युक्ती या एका न कळण्याच्या विरोधात आहे.

त्यातली एक युक्ती मला खास रसिकतेने पाहण्यासारखी वाटते. काही एक्सलना असा नट असतो, ज्याच्या डोक्यावर सहा खाचा असतात, किल्ल्याच्या बुरुजासारख्या. एक्सलच्या टोकात आरपार भोक असतं. नट ठरलेल्या ताणाने आवळायचा, खाच भोकासमोर आणायची आणि दोन पायांची मऊ स्प्लिट पिन त्यातून घालून तिची टोकं वाकवायची. खाच जुळत नसेल तर नट थोडा पुढेच आवळायचा, मागे कधी फिरवायचा नाही. सहा खाचा असल्यामुळे जुळणी जास्तीत जास्त साठ अंशांवर मिळतेच. आणि काढलेली पिन पुन्हा वापरायची नाही, एकदा वाकलेलं लोखंड परत सरळ केलं की तिथेच तुटायचा धोका असतो.

ही पिन काय उचलते? काहीच नाही. चाक नट धरतो. पिन फक्त नटला फिरू देत नाही, एवढंच. अध्यात्म रामायणाच्या कर्त्याने दशरथाच्या रथात नेमकं हेच जाणलं होतं. सर्वांत मोठं वजन उचलणारा भाग आणि सर्वांत निर्णायक भाग हे दोन वेगळे असू शकतात. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या सवितृसूक्तातही अमर गोष्टी कशावर टेकून आहेत हे सांगताना रथाची हीच खीळ उपमेला आली आहे, आणि तमिळमध्ये तिरुवल्लुवरांनी आकार पाहून कोणाला हिणवू नये हे सांगायला हीच निवडली. चाक ज्यांच्या जगण्यात आहे, त्या सगळ्या समाजांना या बारक्या तुकड्याने विचार करायला लावलं आहे.

पिनशिवाय दुसरे उपायही आहेत. नायलॉनची कडी बसवलेले नट आट्यांना घट्ट धरून राहतात. अमेरिकेत व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने 1953 मध्ये असं द्रव्य तयार केलं, जे हवेत पातळ राहतं आणि आट्यांमध्ये हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतं. त्यालाच सगळे लॉकटाइट म्हणतात. बाहाच्या तपासणीत परीक्षक गाडीखाली झोपून बघतात, की महत्त्वाच्या जोडांना असं काही तरी आहे की नाही आणि नटच्या बाहेर बोल्टचे निदान दोन आटे दिसतात की नाहीत. पण मला सर्वांत आवडतो तो सगळ्यात स्वस्त उपाय. नट आवळून झाला की रंगाच्या पेनने नटवरून एक्सलपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. पिवळी किंवा लाल. नट अंशभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गाडी खड्ड्यात थांबली, पाणी प्यायला वेळ आहे, वाकून बघितलं की कळलं. ही रेघ काहीच धरत नाही, तिच्यात बळ नाही. ती फक्त दशरथाच्या न कळण्याला उत्तर देते.

इथून मागे वळून मूळ प्रसंगाकडे पाहिलं की त्याची एक मर्यादाही दिसते आणि रसग्रहणात ती सांगायला हवी. कवी कैकेयीची स्तुती करतो ती योग्यच आहे. पण त्या सकाळी रथ जोडताना खीळ कोणी तपासली, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रथाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे रथांची व्यवस्था हे राज्याचं काम होतं. राजाच्या रथामागे कारागीर, सारथी, घोडेवाले असणारच. त्यांच्यापैकी कोणी तरी वाकून बघितलं असतं, तर त्या भोकात नवी खीळ असती, कैकेयीचा हात शाबूत राहिला असता, आणि गोष्ट झालीच नसती.

देखभालीचं हेच आहे. ती नीट झाली की तिची गोष्ट होत नाही. गणेशपेठच्या आगारातून सुटणाऱ्या एसटीची चाकं रोज जागेवर राहतात, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. पोळ्याच्या आधी बंडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या, खीळ ठोकून बघणाऱ्या शेतकऱ्याला कोणी वर देत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाची चाकं नीट बसवून देणाऱ्या सुताराचं नावही पोराला माहीत नसतं. आपल्या महाकाव्यांनी संकटात घातलेला हात अमर केला, संकट येऊ न देणारा हात मात्र अनाम राहिला. हा त्या कवींचा दोष आहे असं मी म्हणत नाही. काव्याला घडलेलं हवं असतं, टळलेलं त्याच्या हाती लागत नाही.

तरीही हा प्रसंग मला श्रेष्ठ वाटतो, कारण तो टळलेल्याच्या अगदी जवळ जाऊन थांबतो. कैकेयीचा हात हा एका अर्थी उशिरा केलेली देखभालच आहे. तिच्याकडे शस्त्र नाही, ती शत्रूला मारत नाही, काही जिंकत नाही. सुटलेली एक गोष्ट ती जागेवर ठेवते, वेळ संपेपर्यंत. वीरपणाची ही व्याख्या आपल्याकडे फार क्वचित केली गेली, आणि ती एका वेदान्ती ग्रंथाने, रथाचा तपशील न चुकवता, एका दासीच्या तोंडून केली.

म्हणून अभियांत्रिकीच्या मुलांना मी हा प्रसंग वाचायला देईन. धैर्याचा धडा म्हणून नव्हे, तो त्यांना दुसरीकडेही मिळेल. न कळण्याचा धडा म्हणून देईन. वेग, शक्ती, इंजिन यांच्यावर सगळ्यांचं लक्ष असताना ज्या जोडाकडे कोणी बघत नाही तिथेच गाडी मोडते, आणि ज्याला तो जोड दिसतो तोच त्या गाडीचा खरा जाणकार. आणि साहित्याच्या मुलांना मी एकदा तरी चाक काढून, सहा खाचांचा नट आवळून, पिन वाकवून बघायला सांगेन. ते केल्यावर कैकेयीच्या उभं राहण्याला किती किंमत पडली हे त्यांना कोणत्याही टीकेपेक्षा लवकर कळेल. शर्यतीला निघण्याआधी नटावरची रेघ बघणारं पोर आणि खिळीच्या भोकाशी उभी असलेली राणी एकाच परंपरेतली आहेत. त्यातल्या राणीला आपण वर दिले. त्या पोराच्या वाट्याला निदान आपली दाद यावी.